गावातला संगणक: कोणता प्रोग्राम आपोआप उघडावा आणि मेनूत काय ठेवावं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ग्रामपंचायतीची अभ्यासिका, जिल्हा परिषदेची शाळा, कृषी केंद्र, बचत गटाचं ऑफिस. अशा ठिकाणच्या संगणकांबद्दल यवतमाळ, अमरावती, वाशीम, गडचिरोली भागातून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत सिस्टमच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीला धरून आहेत. विंडोजमध्ये वेगळं घडतं तिथे तसं सांगितलं आहे.

१. डीफॉल्ट प्रोग्राम आणि मेनूतली नोंद, हे दोन्ही एकच का?

नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलवर डबल क्लिक केल्यावर जो आपोआप उघडतो तो डीफॉल्ट प्रोग्राम. कोणत्या प्रकारच्या फाइलीला कोणता प्रोग्राम, याची एक यादी असते. तिचं नाव माइमॲप्स.

मेनू तयार होतो तो छोट्या छोट्या मजकूर-फाइलींपासून. त्यांचं नाव 'डॉट डेस्कटॉप'ने संपतं. प्रत्येकीत प्रोग्रामचं नाव, चित्र, तो सुरू करायची आज्ञा, मेनूतला गट (ऑफिस, ग्राफिक्स, शिक्षण वगैरे) आणि तो कोणत्या फाइली उघडू शकतो, एवढं लिहिलेलं असतं. त्यामुळे एखादा प्रोग्राम मेनूत न दिसताही डीफॉल्ट असू शकतो, आणि मेनूत असूनही कशाचाच डीफॉल्ट नसू शकतो. हे डोक्यात बसलं की खालचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

२. एवढा विचार कशाले? ज्याले जे पाहिजे ते तो निवडून घेईन न.

निवडत नाही, हाच तर मुद्दा आहे. समोर आलेलं बदलण्याची तसदी फार थोडे लोक घेतात, आणि मोठ्या कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये आपलाच शोध आधी उघडावा म्हणून गूगलने एकट्या २०२२ साली ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. विंडोज वापरणाऱ्यांना ब्राउझर निवडायचा पर्याय दाखवण्याचं वचन मोडलं म्हणून युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला ५६ कोटी १० लाख युरो दंड केला होता.

आपल्याकडे तर एकाच संगणकावर सकाळी स्पर्धा परीक्षेची पोरं, दुपारी पीक विम्याचे शेतकरी आणि संध्याकाळी बचत गटाच्या ताई बसतात. तो संगणक कोणा एकाचा नसतो, म्हणून सेटिंग बदलायला कोणीच हात लावत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी जे ठरवाल तेच पुढची तीन-चार वर्षं चालेल.

३. आमच्याकडे ४ जीबी रॅमचा जुना संगणक आहे. विंडोज १० बंद झालं म्हणतात. त्याच्यावर काय टाकू?

विंडोज १० बंद पडलेलं नाही, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित आधार संपला. म्हणजे वाढीव योजनेत नोंद केली नसेल तर सुरक्षेचे अपडेट येणार नाहीत. ४ जीबीवर लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती बरी चालते. तिला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते आणि अपडेट २०२९ पर्यंत मिळतात. जमलं तर जुनी हार्ड डिस्क काढून लहानशी एसएसडी टाका. रॅम वाढवण्यापेक्षा तो पैसा जास्त लागी पडतो.

मिंट २२ ला ६४-बिट प्रोसेसर लागतो. ३२-बिट असेल तर डेबियन १२ बसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ मात्र ३२-बिट पीसीवर नव्याने बसवता येत नाही. माझं मत विचाराल तर अशा मशीनवर आता वेळ घालवू नये.

फाइल जवळपास ३ जीबीची आहे. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती उतरवत बसण्यापेक्षा तालुक्याला ज्याच्याकडे ब्रॉडबँड आहे त्याच्याकडून पेनड्राइव्हवर आणा.

४. पहिल्या दिवशी नेमकं काय काय ठरवून द्यायचं?

ब्राउझर, पीडीएफ, वर्ड-एक्सेलच्या फाइली, फोटो, व्हिडिओ आणि ईमेलची लिंक. बाकीचं जसं आहे तसं राहू द्या.

एक नियम सगळीकडे पाळा: डबल क्लिकवर फाइल *दाखवणारा* प्रोग्राम उघडावा, *बदलणारा* नको. फोटोवर डबल क्लिक केल्यावर चित्र संपादक उघडला की कोणीतरी चुकून रेघ ओढतो, सेव्ह करतो आणि अर्जाला लावायचा पासपोर्ट फोटो जातो. फोटोला इमेज व्ह्यूअर ठेवा. केबीच्या मर्यादेत बसवायचा असेल तेव्हा राइट क्लिक करून मिंटमधलाच ड्रॉइंग हा प्रोग्राम उघडता येतो. त्यात कापणं आणि आकार कमी करणं दोन्ही होतं.

ईमेलचं लक्षात राहत नाही. वेबसाइटवरच्या ईमेल पत्त्यावर क्लिक केलं की थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम उघडतो आणि 'खातं जोडा' म्हणून विचारत बसतो. सार्वजनिक संगणकावर कोणीतरी खरंच स्वतःचं खातं जोडून मोकळा होतो आणि त्याची सगळी पत्रं पुढच्या माणसाला दिसतात. थंडरबर्ड काढून टाका आणि फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये 'ॲप्लिकेशन्स' या यादीत ईमेलसाठी जीमेल निवडा.

बदलायची पद्धत सोपी आहे. फाइलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', मग 'सेट डीफॉल्ट ॲप्लिकेशन'. एक फाइल बदलली की त्या प्रकारच्या सगळ्या बदलतात.

५. पीडीएफ कशात उघडावी? आधार, सातबारा, हॉल तिकीट सगळं पीडीएफच असते.

गावातल्या संगणकावरचं निम्मं काम पीडीएफचं, म्हणून हे जरा सविस्तर.

रोजच्या वापराला मिंटचा साधा डॉक्युमेंट व्ह्यूअर पुरेसा आहे. तो लवकर उघडतो आणि छपाईचं बटण सापडतं, एवढंच लोकांना पाहिजे असतं. पैसे मागणारे, जाहिराती दाखवणारे पीडीएफ प्रोग्राम टाकू नका.

ई-आधारची फाइल पासवर्ड मागते. तो असतो नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मसाल. पासवर्ड टाकताना व्ह्यूअर विचारतो की लक्षात ठेवू का. अशा सामायिक संगणकावर 'लगेच विसर' हाच पर्याय निवडायला बसणाऱ्यांना शिकवा. काम झाल्यावर डाउनलोड फोल्डर रिकामा करणं हेही त्याच धड्यात येतं.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर किंवा दाखल्यावर प्रश्नचिन्ह दिसतं, म्हणून लोक घाबरून विचारतात की कागद खोटा आहे का. तसं नाही. त्या प्रोग्रामने सहीमागचं प्रमाणपत्र तपासलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तपासायचं असेल तर विंडोजवर ॲडोबी रीडर किंवा लिनक्सवर ओक्युलर वापरा. ओक्युलर बसवून ठेवा, पण डीफॉल्ट करू नका. रोज येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना त्याची गरज नसते.

अजून एक नग असतो: काही सरकारी आणि बँकांचे भरायचे फॉर्म साध्या व्ह्यूअरमध्ये उघडले की 'प्लीज वेट' एवढंच दाखवतात आणि तिथेच थांबतात. ते एक्सएफए प्रकारचे फॉर्म. फायरफॉक्समध्ये आवृत्ती ९३ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, ते उघडतात आणि भरताही येतात. अशा फाइलीवर राइट क्लिक करून फायरफॉक्स निवडा.

६. पीडीएफचा डीफॉल्ट व्ह्यूअर केला, तरी फायरफॉक्समधून उघडली की फायरफॉक्सच उघडतो. काहून?

कारण फायरफॉक्सची स्वतःची वेगळी यादी असते. सेटिंगमध्ये 'जनरल'खाली 'ॲप्लिकेशन्स' बघा. तिथे पीडीएफसमोर 'ओपन इन फायरफॉक्स' असतं, ते बदलून सिस्टमचा प्रोग्राम करा. तसंच, २०२२ च्या मार्चमधल्या आवृत्ती ९८ पासून फायरफॉक्स न विचारता फाइल थेट डाउनलोड फोल्डरमध्ये ठेवतो. 'फाइल कुठे गेली' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. 'दर वेळी विचार' हा पर्याय सुरू केला की पोरं स्वतःच्या पेनड्राइव्हवर सेव्ह करायला शिकतात.

७. आमच्याकडून नेलेली फाइल झेरॉक्स सेंटरवर उघडत नाही, नाहीतर सगळी हलून जाते.

लिब्रेऑफिस, म्हणजे मिंटमधला वर्ड-एक्सेलसारखा प्रोग्राम, मुळात ओडीटी या स्वतःच्या स्वरूपात सेव्ह करतो, आणि झेरॉक्स सेंटरवर असतं वर्ड. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लोड-सेव्ह', 'जनरल' इथे जाऊन 'नेहमी असं सेव्ह करा'मध्ये वर्डचं डॉक्स स्वरूप निवडा. खुल्या स्वरूपाचा आग्रह धरणारे मित्र यावर नाराज होतात. त्यांचं म्हणणं तत्त्वाने बरोबर आहे, पण तालुक्याला अर्ज द्यायला गेलेल्या माणसाला परत गावी पाठवणारा डीफॉल्ट कामाचा नाही.

हलून जायचं कारण फॉन्ट. विंडोजवरचा मंगल मिंटवर नसतो, त्याच्या जागी नोटो देवनागरी येतो आणि ओळी मागेपुढे होतात. छापायचंच असेल तर पीडीएफ करून न्या, तो हलत नाही.

त्याच 'ऑप्शन्स'मध्ये असताना आणखी एक बदला. लिब्रेऑफिस अडचणीच्या वेळेसाठी दर १० मिनिटांनी मजकूर राखून ठेवतो. उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही आणि सगळीकडे इन्व्हर्टर नाही. तो आकडा २ करा.

८. मराठी टाइप करायले काय ठेवावं?

लहान मुलांना आणि नव्याने शिकणाऱ्यांना इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेला प्रमाण कीबोर्ड. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायची सवय असलेल्यांना फोनेटिक. दोन्ही मिंटमध्ये मिळतात. दोन्ही सुरू ठेवा, पण तिसरा नको. बटण दाबत दाबत माणूस हरवतो. आणि संगणक सुरू होताना कीबोर्ड इंग्रजीत असू द्या, नाहीतर लॉगिनचा पासवर्डच मराठीत उमटतो आणि फोन येतात.

जुन्या ऑफिसातून आलेली फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसत असेल तर ती कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली आहे. त्यासाठी कोणताही डीफॉल्ट बदलून उपयोग नाही. मजकूर युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर मराठी सारखीच दिसते ती पद्धत) बदलून घ्या आणि पुढे युनिकोडमध्येच ठेवा. नोंदी एक्सेलऐवजी सीएसव्हीमध्ये आल्या असतील आणि मराठी बिघडलेली दिसत असेल तर लिब्रेऑफिस उघडताना जो डबा येतो, त्यात अक्षरसंच यूटीएफ-८ निवडा.

९. मेनूत किती नोंदी असाव्यात?

ठरलेला आकडा नाही, पण एक कसोटी आहे: संगणक न शिकलेल्या माणसाला स्क्रोल न करता सगळं दिसलं पाहिजे. मिंटच्या मेनूत 'फेव्हरिट्स' हा पहिला गट असतो, तो आधी नीट लावा. अभ्यासिकेत ब्राउझर, फाइली, लेखन, तक्ते, स्कॅनर, कॅल्क्युलेटर. कृषी केंद्रात हिशेबाची फाइल, ब्राउझर, प्रिंटरचं सेटिंग. बाकीचं गटांमध्ये पडून राहू द्या.

एका कामाला एकच प्रोग्राम दिसावा. दोन व्हिडिओ प्लेअर दिसले की माणूस विचारतो यातला चांगला कोणता, आणि तुम्ही तिथे नसता. मिंट बनवणारेही हेच करतात: डिसेंबर २०१९ मधल्या १९.३ आवृत्तीत त्यांनी जिम्प हा मोठा चित्र संपादक काढून साधा ड्रॉइंग ठेवला, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या जागी सेल्युलॉइड आणला. व्हीएलसीबद्दल मी त्यांच्याशी सहमत नाही. आपल्याकडे लग्नाच्या आणि कीर्तनाच्या व्हिडिओच्या पेनड्राइव्हमध्ये काहीही निघतं, आणि व्हीएलसी ते सगळं चालवतो. त्याला डीफॉल्ट करा, सेल्युलॉइड लपवा.

आधी आठवडाभर वहीत लिहा की कोण कशासाठी आलं. मग मेनू लावा. आपल्या आवडीचे प्रोग्राम आधी टाकून नंतर लोकांना त्यांच्याकडे वळवणारे उत्साही स्वयंसेवक मी पुष्कळ पाहिले. त्यांनी बसवलेला थ्री-डी चित्रांचा ब्लेंडर कोणी उघडत नाही.

१०. मेनूतून काढलं म्हणजे प्रोग्राम गेलाच का जी?

नाही जी. पाटी उतरवली म्हणून दुकान बंद होत नाही. मेनूलिब्रे नावाचा संपादक सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतो. त्यातून नोंद लपवली की डॉट डेस्कटॉप फाइलीत 'नोडिस्प्ले' ही खूण लागते. प्रोग्राम जागेवर असतो, डबल क्लिकवर उघडतोही. 'हिडन' ही वेगळी खूण मात्र जपून वापरा: तिने ती नोंद खोडल्यासारखीच होते आणि डबल क्लिकचं नातंही तुटतं.

जागा कमी असेल किंवा प्रोग्रामची खरोखर गरज नसेल (प्रश्न ४ मधला थंडरबर्ड) तर तो सरळ काढूनच टाका. लपवणं हा उपाय अधूनमधून लागणाऱ्या गोष्टींसाठी आहे.

११. नोंदींची नावं मराठीत करावीत का?

करा, पण कामाच्या नावाने. 'लिब्रेऑफिस रायटर'च्या जागी 'अर्ज लिहा', 'सिंपल स्कॅन'च्या जागी 'कागद स्कॅन करा'. मेळघाटात धारणीकडे शिक्षकांनी मुलांसाठी कोरकू नावं टाकू का असं विचारलं होतं. जरूर टाका, लिपी देवनागरीच असल्याने काही अडत नाही.

एक अडचण येते. लोक मेनूच्या शोधपट्टीत इंग्रजी अक्षरं टाइप करतात आणि मराठी नाव सापडत नाही. नोंदीत 'कीवर्ड्स' ही ओळ असते, तिच्यात इंग्रजी स्पेलिंग आणि प्रोग्रामचं मूळ नाव दोन्ही टाकून ठेवा.

१२. महाभूलेख, महाडीबीटी यांना मेनूत थेट जागा देता येते का?

येते. मिंटमध्ये जानेवारी २०२१ च्या २०.१ आवृत्तीपासून 'वेब ॲप्स' आहे. त्यात पत्ता आणि नाव टाकलं की वेबसाइट मेनूत प्रोग्रामसारखी बसते. पत्ता टाकताना तो अधिकृत आहे ना, हे दोनदा तपासा. महाडीबीटीसारख्या नावांच्या नकली साइट शोधात वर येतात, आणि मेनूतल्या पक्क्या नोंदीचा खरा फायदा हाच आहे की शेतकऱ्याला शोधावं लागत नाही.

१३. कालच डीफॉल्ट सेट केला होता, आज पुन्हा काहून बदलला?

तीनपैकी एक कारण असतं. नव्याने बसवलेल्या ब्राउझरने 'मला डीफॉल्ट करू का' विचारलं आणि कोणीतरी 'हो' दाबलं. किंवा तुम्ही बदल एका खात्यात केला आणि आज दुसऱ्या खात्यात बसलात (प्रश्न १५). किंवा तुम्ही सिस्टमच्या मूळ फोल्डरमधली डॉट डेस्कटॉप फाइल हाताने बदलली होती आणि अपडेट आल्यावर ती पुन्हा लिहिली गेली.

तिसऱ्यावर उपाय असा: मूळ फाइलीला हात लावू नका. तिची त्याच नावाची प्रत आपल्या घर-फोल्डरमधल्या लपलेल्या 'लोकल' फोल्डरच्या 'शेअर'मधल्या 'ॲप्लिकेशन्स'मध्ये ठेवून ती बदला. तिचा मान वरचा असतो. मेनूलिब्रे हेच करतो. पण मग अपडेटमध्ये प्रोग्रामची आज्ञा बदलली तर तुमची जुनी प्रत तशीच राहते आणि नोंदीवर क्लिक केल्यावर काहीच होत नाही. तेव्हा प्रत काढून पुन्हा करा.

विंडोजवर अपडेटनंतर तोच प्रकार घडत असेल तर सेटिंगमधल्या 'डीफॉल्ट ॲप्स'मध्ये जाऊन पुन्हा लावणं, एवढंच हातात असतं.

१४. मेनूत एकाच प्रोग्रामच्या दोन नोंदी दिसतात.

तो दोन मार्गांनी बसला आहे: एकदा नेहमीच्या पॅकेजमधून, एकदा फ्लॅटपॅकमधून (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट वेगळा बसवायची पद्धत). दोन्हींचे बुकमार्क आणि सेटिंग वेगळे असतात, म्हणून 'माझे बुकमार्क उडाले' अशी तक्रारही सोबत येते. एक काढून टाका. डेटा कमी असलेल्या गावात सहसा फ्लॅटपॅक काढणं बरं, कारण त्याच्यासोबत मोठी जोड-सामग्री उतरते.

१५. माझ्या खात्यात सगळं बरोबर आहे, बाकी खात्यांत काहीच नाही.

तुमच्या घर-फोल्डरमधले बदल तुमच्यापुरतेच. सगळ्यांसाठी डीफॉल्टची यादी सिस्टमच्या 'ईटीसी'मधल्या 'एक्सडीजी' फोल्डरमध्ये ठेवा. मेनूच्या नोंदी 'यूएसआर'मधल्या 'लोकल'खालच्या 'शेअर'मधल्या 'ॲप्लिकेशन्स'मध्ये ठेवा, म्हणजे अपडेट त्यांना शिवत नाही. 'ईटीसी'मध्येच 'स्केल' नावाचा फोल्डर असतो. त्यातलं सगळं नव्या खात्यात आपोआप येतं, पण फक्त खातं तयार होताना. आधीच्या खात्यांवर परिणाम होत नाही.

अभ्यासिकेसाठी लॉगिनच्या सेटिंगमधून गेस्ट सेशन सुरू करता येतं. बाहेर पडलं की सगळं पुसलं जातं, त्यामुळे कोणाचं आधार मागे राहत नाही. पण पोरांच्या नोट्सही पुसल्या जातात. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

१६. शाळेत टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) आणि सेटिंग लपवावं का?

मेनूतून लपवा, पण त्याला कुलूप समजू नका. सातवीतलं पोरगं शोधपट्टीतून किंवा कीबोर्डच्या शॉर्टकटने तिथे पोहोचतंच. सुरक्षा हवी असेल तर मुलांचं खातं ॲडमिन नसलेलं करा. शिक्षणाच्या गटात जीकॉम्प्री (लहान मुलांचे खेळ), जिओजेब्रा (गणित), स्टेलेरियम (आकाशदर्शन) ठेवा. केरळमधल्या सरकारी शाळा अशा मुक्त सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं चालतात, तेव्हा 'शाळेला विंडोजच लागतं' हे कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

१७. मग विंडोज कुठे ठेवावंच लागते?

अंगठ्याचं यंत्र जिथे आहे तिथे, कारण त्याची आरडी सेवा, म्हणजे आधारसाठी ठसा पाठवणारा प्रोग्राम, मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मिळते. डिजिटल सहीचं टोकन रोज वापरावं लागतं तिथे. आणि सरकारी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी, म्हणजे रेमिंग्टन कीबोर्डवर, एक मशीन. दोन्ही सिस्टम एकाच संगणकावर टाकण्यापेक्षा दोन वेगळी मशीन बरी. लाईट गेल्यावर कोणती सुरू होणार हा गोंधळ तरी टळतो.

१८. सगळं विस्कटलं आहे. पहिल्यासारखं कसं करू?

फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबा, लपलेले फोल्डर दिसतील. 'कॉन्फिग' फोल्डरमधली माइमॲप्सची यादी काढून टाकली की त्या खात्याचे डबल क्लिकचे सगळे डीफॉल्ट मूळ जागी येतात. मेनूसाठी प्रश्न १३ मध्ये सांगितलेल्या 'ॲप्लिकेशन्स' फोल्डरमधल्या प्रती काढा. वेब ॲप्सच्या नोंदीही तिथेच असतात, त्या ठेवायच्या असतील तर नाव बघून काढा. मग लॉगआउट करून परत या. फाइली, फोटो, कागद यांतलं काहीही जात नाही.